भिंतीला विचारणारे पाशा मिस्त्री

चाँदपाशा मिस्त्री पहिल्या दिवशी आमच्या घरी आले ते हातोडी न घेता. चपला दाराबाहेर काढल्या, सैपाकघरात गेले, दिवा बंद केला, खिडकी लावली आणि आतून दार लोटून घेतलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभी. आतून ठक ठक आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग मिस्त्रींचा हळू आवाज, "हां… अच्छा… फिर?" पुन्हा ठक ठक. चहावर साय धरली तरी माणूस बाहेर येईना.

शेवटी आले. साठीच्या पुढचे, काटकुळे, दाढी पांढरी, कानावर पेन्सिल. मी विचारलं, "आत कुणाशी बोलत होता?"

"भिंतीशी," ते म्हणाले, आणि गार चहा एका घोटात संपवला. "वैनी, दीवार को पूछे बगैर हात नै लगाना. तिच्या अंगावर आपण छिन्नी घालणार, आधी विचारावं का न्हाई?"

मी लातुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं आणि मी ते तावातावानं करते. त्यामुळे मी म्हटलं, "बरं. मग काय म्हणाली भिंत?"

"घरात डावऱ्या हाताची बाई हाय. तुमी न्हाई." पाशा मिस्त्री खाली बघतच बोलत होते. "अन् खिडकीपाशी कुणीतरी लई दिवस उभं राहिलंय. काम न करता. नुसतंच."

आता सांगते, मला शहारा आला. कारण आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, डावऱ्या आहेत. त्या तेव्हा मागच्या खोलीत बाजेवर निजलेल्या होत्या आणि मिस्त्रींनी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं. खिडकीचं तर मलाच माहीत नव्हतं. मागच्या खोलीतून मात्र बाजेचा आवाज झाला. आत्याबाई उठून बसल्या होत्या.

पुढं चार दिवसांनी मिस्त्रींनी मला दाखवलं. गॅस होता त्याच्या डाव्या अंगाला कडप्पा घासून गुळगुळीत झालेला, उजव्या अंगाला खरखरीत. खिडकीखालच्या शहाबादी फरशीवर शेजारी शेजारी दोन उथळ खळगे, बरोबर दोन पावलांएवढे. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी म्हणे निरीक्षण शिकवते.

पण पहिल्या दिवशी यातलं काही कळलं नव्हतं. मिस्त्री निघून गेले आणि मी दुपारभर त्या सैपाकघरात एकटी जायला टाळाटाळ केली. पाणीसुद्धा ह्यांना आणायला लावलं.

सैपाकघर काढायचं का ठरलं, तेही सांगायला हवं. आमचा ओटा तडकला होता, मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि झुरळांनी घरावर हक्कच सांगितला होता. आमचे हे पंचायत समितीत आहेत. त्यांच्या डोक्यात मोड्यूलर किचन भरलं. एक टाय लावलेला मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं आमचंच सैपाकघर असं काही चकाचक करून दाखवलं की मी क्षणभर पाघळले. तेवढ्यात आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

आत्याबाईंचे डोळे काचबिंदूनं गेले त्याला सात वर्षं झाली. तरी घरातल्या भाकरी त्याच करतात. पीठ कुठं, मीठ कुठं, काडेपेटी कुठं, सगळं हाताला पाठ. आमच्या घरात एकच कायदा आहे: डबा जिथून उचलला तिथंच ठेवायचा. एकदा ह्यांनी सोड्याचा डबा मिठाच्या जागी ठेवला होता. आम्ही तिघांनी ती आमटी खाल्ली आणि ह्यांनी त्यानंतर डबे हाताळणं सोडलं.

दारातून आत्याबाई म्हणाल्या, "मोडा बाबा. तुमचं घर हाय. फक्त मला सांगा, मी ह्याच्यापुढं बाजेवरच बसायचं का?"

टायवाल्या मुलानं लॅपटॉप मिटला. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मग पाशा मिस्त्रींचं नाव सांगितलं. म्हणाल्या, माणूस विचित्र आहे, पण त्यानं बांधलेल्या ओट्यावर कंबर दुखत नाही.

ज्यांना सैपाकघर काढायचं आहे त्यांनी माझं ऐका. तोडायच्या आधी दुसरीकडं चूल मांडा. आम्ही मांडली नाही, आणि पहिले तीन दिवस न्हाणीघराच्या दारात स्टूलवर शेगडी ठेवून पिठलं ढवळलं. मिस्त्री सांगतो त्या दिवसांना तीननं गुणा. फरशी दहा-पंधरा जास्तीची आणा, कारण नंतर तोच रंग मिळत नाही, दुकानदार आपल्याकडं बघून हसतो. प्लंबर आधी, वायरमन मग, फरशी शेवटी. हा क्रम चुकला की नवी भिंत पुन्हा फोडावी लागते. आणि डाळ-तांदूळ चादरीत गुंडाळून गावाला पाठवता आले तर पाठवा. सिमेंटची धूळ झाकणातून आत जाते. दोन महिने आमच्या वरणाला कचकच होती आणि कुणी तक्रार करायची नाही असं मीच ठरवून टाकलं होतं.

पाशा मिस्त्रींचा कामाचा ढंग मात्र कुठल्याच शहाणपणात बसत नव्हता. "हल्लू हल्लू," हे त्यांचं पालुपद. "वैनी, घाईत बांधलेलं अन् घाईत खाल्लेलं, दोन्ही पचत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी एका घमेल्यात काव कालवली, ती तांबडी माती, आणि आत्याबाईंना हात धरून जुन्या सैपाकघरात आणलं.

"अम्मा, सैपाक करा."

"काय करू? गॅस तर काढलाय."

"खोटा खोटा करा. जिथं हात जातो तिथं जाऊ द्या."

आत्याबाईंनी डावा हात कावेत बुडवला आणि खोटा सैपाक सुरू केला. हात पिठाच्या डब्याकडं गेला, भिंतीवर पंजा उमटला. मिठाकडं गेला, पंजा. तोल सावरायला भिंतीला टेकला, पंजा. पाठीमागं मिस्त्री हातात पट्टी घेऊन आकडे लिहीत होते. तासाभरानं सैपाकघराच्या तिन्ही भिंती तांबड्या पंजांनी भरल्या. काही पंजे पूर्ण होते, काहींची नुसती बोटं ओघळलेली. आत्याबाई मात्र खूश होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांचं काम विचारलं होतं.

दूधवाला दुसऱ्या दिवशी सवयीनं सरळ आत आला. पंजे बघितले, पातेलं जागेवर ठेवलं आणि दूध न मोजताच गेला. त्यानंतर आठवडाभर तो फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. गल्लीत बोलणं सुरू झालं की आमच्याकडं करणी निघाली आणि पाशा मिस्त्री ती उतरवून राहिलेत. माझ्या नणंदेनं निलंग्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर लिंबू-मिरची पाठवली. विज्ञानाच्या बाईच्या घरी, लिंबू-मिरची.

समोरच्या काकू मुद्दाम येऊन बसल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "बाई, तुला म्हाईत हाय का, त्या मिस्त्रीच्या सोताच्या घरी काय हाय? नवंकोरं सैपाकघर हाय. पंचवीस वर्षं झाली, आत जाळ पेटला न्हाई. त्याची बायको अंगणात सैपाक करायची. पावसात एका हातात छत्री अन् एका हातात उलथनं. आत काहीतरी हाय म्हणतात. म्हून तर तो गावभर भिंतीला विचारत फिरतो."

"काकू, असं काही नसतं," मी म्हटलं. काकू गेल्यावर मी स्वतः उठून सैपाकघराचं दार लावलं.

पोटात राहत नाही ही माझी खोड. दुपारी मिस्त्री डबा खायला बसले तेव्हा विचारलंच. त्यांनी रागावायला हवं होतं. ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "खरं हाय."

त्यांची बायको रजियाबी एकदा बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस उदगीरला गेली होती. मिस्त्रींनी त्या पंधरा दिवसांत तिचं काळंकुट्ट सैपाकघर पाडून नवं केलं. तिला सांगितलं नाही, तिला खूश करायचं होतं. दुसऱ्याच्या घरी लावून उरलेली चांगली फरशी जमवून ठेवली होती, ती लावली. ग्रॅनाइटचा ओटा केला, मोहल्ल्यात पहिला. रजियाबी परत आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

"काय म्हणाल्या?"

"'बहोत अच्छा है,' म्हणाली. मग पदर खोचला, अंगणात तीन विटा मांडल्या अन् तिथं चहा ठेवला." मिस्त्री हसले. "मला वाटलं, ओटा उंच झाला. दोन इंच उतरवला. 'बहोत अच्छा है.' मग वाटलं, फरशी घसरते. बदलली. 'बहोत अच्छा है, मेहमानों के लिए रखो.' तीनदा ओटा तोडला वैनी. मेरेकू समझाच नै. चार साल झाले तिला जाऊन. जाताना सुद्धा विचारलं, क्या है उस कमरे में? हात धरला अन् हसली."

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"काय ठरवणार? दुसऱ्यांच्या भिंतींना विचारतो. कुणीतरी सांगेल, माझ्याकडनं काय ऱ्हायलं." डबा बंद करता करता ते म्हणाले, "सोताच्या भिंतीला हात लावायची हिंमत होत न्हाई. तिनं न्हाईच सांगितलं तर?"

त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली, पण अंगावर काटा यायचा तो येतच राहिला. एका दुपारी मी शाळेतल्या मीटिंगवरून आले. घर शांत होतं. सैपाकघरात डोकावले आणि तिथंच थिजले. अर्धवट बांधलेल्या ओट्यासमोर पाशा मिस्त्री डोळ्यांना आपला गमछा बांधून उभे होते. डावा हात पुढं, हवेत चाचपडत. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, पुन्हा पाऊल. ओठ हलत होते. कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीत आत्याबाई बसल्या होत्या आणि न बघता त्यांच्याकडं बघत होत्या.

"आता मीठ," आत्याबाई म्हणाल्या.

मिस्त्रींचा हात वर गेला आणि कपाटाच्या कडेवर आपटला. "चुकलं," ते म्हणाले. "दीड इंच खाली घेतो."

आंधळी बाई डोळस माणसाला आंधळेपणा शिकवत होती आणि दोघांनाही ते अगदी साधं वाटत होतं. मी पाय न वाजवता मागं फिरले.

चुका मीही केल्या. त्या टायवाल्या मुलाच्या चित्रातल्या, हलकेच धक्का दिला की आपल्या आपण बंद होणाऱ्या ट्रॉल्या मला फार आवडल्या होत्या. हट्टानं बसवून घेतल्या. पहिल्याच संध्याकाळी आत्याबाईंनी एक उघडली, दोन वाट्या काढल्या, गुडघ्यानं ढकलली, आणि ती आवाज न करता हळूहळू सरकत आपोआप मिटली. आत्याबाईंचा हात परत गेला तेव्हा तिथं फटच नव्हती.

"सूनबाई, मागं कोण उभंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आत्याबाई."

"मग बंद कुणी केलं?"

मी त्यांना स्प्रिंग, दाब, तेलाचा पंप, सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रात्री ह्यांना म्हणाल्या, "तुझा बाप गेल्यापास्नं माझ्या मागनं असं कुणी काय बंद केलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी पाशा मिस्त्रींनी त्या ट्रॉल्या काढल्या आणि उघडे कप्पे केले. प्रत्येक कप्प्याच्या कडेला बोटाला लागेल अशी खाच पाडली. मिठाच्या कप्प्याला एक खाच, साखरेच्या कप्प्याला दोन.

खरी लढाई चिमणीवरून झाली. ह्यांनी मला न विचारता चिमणी मागवली होती. भलंमोठं खोकं आलं. ती बसवायची तर ओट्यासमोरची खिडकी बुजवणं भाग होतं. हे म्हणाले, "तिचा काय उपयोग? बाईला दिसतंय कुठं बाहेरचं?" आमच्याकडं आईला बाईच म्हणतात.

आत्याबाई तिथंच होत्या. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं.

पाशा मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली. "अम्मा, ह्या खिडकीतनं काय येतं?"

"माणसं येतात," आत्याबाई म्हणाल्या. "डोळे होते तव्हा दोन-चार यायची. आता लई येतात. सायकलवाला येतो, त्याची चेन करकरते. पलीकडच्या सुनंचं लेकरू रडतं. कुणाच्या फोडणीला काय हाय ते कळतं. भाजी काय, बाजेवर बसून बी निवडता येते. पण हिथं उभी राहिले की मी एकटी नसते. खिडकी बुजवली तर भाकरी करीन की. पण करून कुणाला सांगू?"

ह्यांनी चिमणीचं खोकं उचललं आणि परत पाठवलं. आईपुढं ते फार बोलत नाहीत.

मी बघत होते ते पाशा मिस्त्रींकडं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. ते खिडकीकडं बघत होते, मग आत्याबाईंकडं, मग पुन्हा खिडकीकडं. समोरचा चहा तसाच ठेवून ते उठले, सायकल काढली आणि गेले. दोन दिवस आलेच नाहीत. फोन लागेना. मी मनात म्हटलं, झालं, मिस्त्री पळाला. अर्धं सैपाकघर सोडून पळणाऱ्यांच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील.

तिसऱ्या दिवशी आले आणि पुन्हा कामाला लागले. आठवड्यानं आत्याबाईंनी नव्या ओट्यावर पहिली भाकरी थापली. आम्ही दारात उभे होतो. त्यांचा हात वर गेला, पीठ सापडलं. बाजूला गेला, मीठ सापडलं. पाण्याचा तांब्या, तवा, काडेपेटी, सगळं हातानं जणू बोलावून घेतलं. भाकरी टम्म फुगली. आत्याबाईंनी ती उलटली आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "सूनबाई, चेनला तेल घालायला सांग त्याला." बाहेरून सायकलवाला खरंच जात होता.

मी रडले. उगीच लपवून ठेवत नाही.

पाशा मिस्त्रींनी हत्यारं गोळा केली. दारापाशी घुटमळले. मग आत्याबाईंना म्हणाले, "अम्मा, एक काम होतं. माझ्या घरी येता का? एकदा आत जाऊन उभं ऱ्हावा. मला कळत न्हाई, तुमाला कळंल."

मी मधे पडणार होते. आत्याबाई उठून चप्पल शोधायला लागल्या होत्या.

मिस्त्रींचं घर गंजगोलाईच्या बाजारामागच्या अंगाला, एकमेकाला चिकटलेल्या घरांच्या बोळात. ऑटो तोंडाशीच थांबतो. दुपारचे चार वाजले होते, उन्हात बोळ सुनसान होता. अंगणात तीन विटांची चूल होती आणि तिच्यात ताजी राख होती. लेक नांदेडला दिलेली, त्यामुळे मिस्त्री एकटेच, आणि तेही अंगणातच रांधतात. चुलीच्या बाजूला शेजारच्या घराची कमरेएवढी भिंत. मिस्त्रींनी कंबरेची किल्ली काढून आतलं दार उघडलं.

मी पुष्कळ सैपाकघरं पाहिली आहेत. प्रत्येकाला वास असतो, कांद्याचा, रॉकेलचा, उतू गेलेल्या दुधाचा. ह्या खोलीला वासच नव्हता. ग्रॅनाइट आरशासारखा. पांढऱ्या फरशीवर हळदीचा एक डाग नाही. फळीवर नवी भांडी पालथी घातलेली. पंचवीस वर्षं कुणीतरी रोज पुसून ठेवलेली ती खोली बघून माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आत्याबाईंनी चप्पल काढली आणि आत गेल्या. डावा हात ओट्यावर ठेवला.

"उंची?" मिस्त्रींनी विचारलं.

"बरोबर हाय."

"मोरी?"

त्यांनी हात फिरवला. "बरोबर हाय. लई चांगलं काम हाय रे पाशा."

"मग?"

आत्याबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि मान तिरकी केली. बराच वेळ तशाच. बाहेर बोळात कुणाची तरी बादली वाजली, पण ती लांबून, मागच्या दारातून. मग त्या म्हणाल्या, "लई गप हाय हे. हितं उभं राहिलं की कानात दडे बसतात. ह्या भिंतीपलीकडं कोण?"

"सरूबाईचं घर. त्यांचं बी सैपाकघर ह्याच भिंतीला लागून."

आत्याबाईंनी भिंतीवर हात ठेवला आणि बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत बाजूला सरकल्या. ठक. ठक. ठक. मग एका जागी आवाज बदलला. पोकळ झाला. तिथं त्या थांबल्या. "हितं काय होतं?"

"काय न्हाई अम्मा. एक वीट निखळलेली होती. आरपार भोक होतं, हात जाईल एवढं. उंदीर यायचे म्हून बुजवलं." मिस्त्री बोलता बोलता थांबले.

"भोकाला कड होती का खरखरीत?"

"न्हाई." ते फार हळू बोलले. "गुळगुळीत होती."

मला आमच्या ओट्याच्या डाव्या अंगाचा कडप्पा आठवला. गावातल्या प्रत्येक घरची घासलेली जागा ओळखणारा माणूस, आणि आपल्या घरच्या जागेवर त्यानं वरवर सिमेंट मारून फरशी लावली होती. नवरे कामावर गेल्यावर दोन बायका त्या भोकातून मीठ-मिरची देत-घेत असणार, सुख-दुःख बोलत असणार, आणि नवऱ्यांची उणीदुणीही काढत असणार. मग रजियाबी नवऱ्याला काय सांगणार होती? तो एवढ्या हौसेनं तिच्यासाठी सैपाकघर बांधून उभा होता. तिनं 'अच्छा है' म्हटलं आणि अंगणात चूल मांडली, कारण अंगणातली सरूबाईकडची भिंत कमरेएवढीच होती.

"तुला कळलं न्हाई, दुपारी ती कुणाशी बोलायची?" आत्याबाईंनी विचारलं.

"दुपारी मी कधी घरी असतो, अम्मा?"

आत्याबाईंनी पुन्हा मूठ उचलली आणि त्या पोकळ जागी दोनदा ठोकलं. मला वाटलं, उगीच.

पलीकडून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

मी मिस्त्रींचा दंड धरला. विज्ञान बिज्ञान सगळं विसरले होते. मग भिंतीतून, फार लांबून यावा तसा, एका म्हातारीचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. रोजचाच होता.

"हां, बोल ग. काय पाहिजे?"

पाशा मिस्त्री खाली बसले. स्वतः लावलेल्या, कधी न मळलेल्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून. "उंची मोजत ऱ्हायलो मी," ते म्हणाले. "पंचवीस साल, अम्मा." आणि तोंडात गमछा धरून रडायला लागले. मोठ्या माणसाचं रडणं ऐकवत नाही. मी दाराकडं बघत राहिले.

आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. भिंतीवरच्या फरशीला तोंड लावून, बाई बाईला विचारते तशा आवाजात त्या म्हणाल्या, "सरूबाई, मी पाशाच्या घरी पाहुणी आलेय. विरजण हाय का जरासं?"

पलीकडून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"हाय की," सरूबाई म्हणाल्या. "पण देऊ कुठनं?"